रात्रीचे ग्रंथालय, पुणेरी आवृत्ती

हेलसिंकीत 2018 साली संसद भवनासमोर ‘ऊदी’ ग्रंथालय उघडले. पुस्तकांच्या जोडीला शिलाई यंत्रे, ध्वनिमुद्रण कक्ष आणि चक्क स्वयंपाकघर. कामाच्या दिवशी रात्रीपर्यंत राबता. डेन्मार्कमधल्या ऑर्हूसची तर कमालच. शहरात बाळ जन्मले की आईबाप रुग्णालयातून बटण दाबतात आणि ‘डॉक-1’ ग्रंथालयात अजस्र घंटा वाजते. ‘शांतता राखा’ची पाटी तिथे लावायची कुठे, हा प्रश्नच.

महाराष्ट्राकडे 1967 चा सार्वजनिक ग्रंथालय कायदा आहे. अ, ब, क, ड अशी वर्गवारी आहे, अनुदानाची प्रतीक्षाही आहे. फक्त नोकरदार वाचक घरी पोचेपर्यंत बहुतेक ठिकाणी देवघेव आटोपलेली असते.

रात्री काहीच उघडे नसते, असे मात्र म्हणता येणार नाही. सदाशिव पेठेत चोवीस तास चालणाऱ्या खासगी अभ्यासिका आहेत. स्पर्धा परीक्षांचे उमेदवार महिन्याच्या भाड्याने खुर्ची घेतात, पुस्तके आपली आपण आणतात. बोलायचे असेल तर खाली चहाच्या टपरीवर. तिथे राज्यघटनेच्या कलमांपासून रखडलेल्या जाहिरातीपर्यंत सगळ्यावर खल होतो. या मेळाव्याला अनुदान नाही. पण कार्यकारिणीही नाही, त्यामुळे भांडणे निदान विषयाला धरून होतात.