आज रोख, उद्या उधार

कुत्र्याच्या पिल्लाला खाऊ दाखवून आडवं पडायला शिकवणं म्हणजे त्याला लाचेची चटक लावणं, असं मानणारा एक तत्त्वनिष्ठ वर्ग आपल्याकडे आहे. हाच वर्ग नातवाला ‘पाढे म्हण, मग चॉकलेट’ असं सांगतो आणि बदली रद्द व्हावी म्हणून गणपतीला एकवीस मोदक बोलतो. पण त्याची नैतिकता जागी होते ती तीन महिन्यांच्या पिल्लासमोर. माझं म्हणणं असं, की लाच ही जे काम करणं समोरच्याचं कर्तव्यच असतं, त्यासाठी मोजावी लागते. हॉलच्या मधोमध पोट टेकवून स्वस्थ पडावं, असं कुठल्याही पिल्लाच्या सेवाशर्तींत लिहिलेलं नाही. पिल्लाचं एक छोटंसं दुकान आहे, ‘आडवं पडणं’ हा त्यातला माल आहे आणि गरजू गिऱ्हाईक आपण आहोत. दुकानावर आपल्या ओळखीचीच पाटी आहे : ‘आज रोख, उद्या उधार.’

खरेदीची रीत सोपी आहे. उकडलेल्या चिकनचा किंवा पनीरचा वाटाण्याएवढा तुकडा बसलेल्या पिल्लाच्या नाकाशी धरायचा, सरळ खाली जमिनीपर्यंत न्यायचा आणि मग जमिनीलगत हळूच पुढे ओढायचा. नाकामागे मान जाते, मानेमागे कोपरं, आणि शेवटी पोट टेकतं. मागचा भाग वर उठला तर हात फार घाईने किंवा फार लांब गेला असं समजून पुन्हा सुरुवात करायची. तरीही जमेना, तर तुकडा बुटक्या टेबलाखालून सरकवावा. त्यामागे जाताना पिल्लाला वाकावंच लागतं. लाचेचा आरोप करणाऱ्यांना इथे हवा तो पुरावा मिळेल, कारण हा व्यवहार खरोखरच टेबलाखालून होतो. मात्र पैसे वेळेवर चुकते करण्याची शिस्त कुठल्याही लाचखोरीपेक्षा कडक आहे. कोपरं टेकताक्षणी ‘शाब्बास’ म्हणायचं आणि खाऊ पुढच्या पंजांच्या मधे ठेवायचा. मार्चअखेरीस बिलं काढणाऱ्या आपल्या समाजाला हे जड जातं. ‘थांब हं, फ्रीजमधून आणतो’ म्हणून आपण उठलो आणि पिल्लू मागोमाग आलं, तर आपण पैसे मोजतो ते फ्रीजपर्यंत सोबत केल्याचे. एडवर्ड थॉर्नडाइकने १८९८ साली मांजरांना खोक्यांत कोंडून आणि बाहेर खाणं ठेवून जे दाखवलं, ते एवढंच : ज्या हालचालीमागून लगेच सुख येतं, ती हालचाल पुन्हा होते.

‘मग खिशात खाऊ नसेल तेव्हा काय?’ हा आक्षेप मात्र रास्त आहे. नोट दाखवल्याशिवाय जो हलत नाही त्याला लाचखोर म्हणायला माझीही हरकत नाही. म्हणूनच पाच-सहा वेळा जमलं, की रिकाम्या हाताने तीच हालचाल करायची आणि मोबदला दुसऱ्या हाताने द्यायचा. मग शब्द आणायचा, तोही हाताच्या खुणेच्या आधी. शब्द कुठलाही चालतो. मराठीच्या अभिजात दर्जाबद्दल तावातावाने बोलणारी माणसंही कुत्र्याशी इंग्रजीत का बोलतात, हे एक कोडंच आहे. पिल्लाला ‘डाऊन’ आणि ‘आडवा हो’ सारखेच परके. अट एकच, घरात एकवाक्यता हवी. आजोबा ‘खाली बस’, आजी ‘झोप रे राजा’, मुलगी ‘डाऊन’ आणि सोफ्यावर चढल्यावर सगळे मिळून पुन्हा ‘डाऊन’, अशा चौफेर भडिमारात पिल्लू जे करतं त्याला आपण हट्टीपणा म्हणतो. धडा पक्का झाला, की दर वेळी खाऊ देणंही थांबवायचं; कधी द्यायचा, कधी नुसती शाबासकी. बक्षीस केव्हा येईल याचा नेम नसला की सवय अधिक चिवट होते, हे स्किनरने प्राण्यांवर दाखवलं आणि लॉटरीवाल्यांनी माणसांवर.

छडीवर श्रद्धा असलेले लोक इथे लांडगे आणतात. कळपात एक दांडगा म्होरक्या असतो, तेव्हा घरात आपण म्होरके व्हायचं आणि पिल्लाला दाबून आडवं करायचं! या कल्पनेची मुळं रुडॉल्फ शेंकेल यांनी १९४७ साली मांडलेल्या, बंदिस्त लांडग्यांच्या निरीक्षणांत आहेत. ती लोकप्रिय करण्यात ज्यांच्या पुस्तकाचा वाटा होता त्या डेव्हिड मीच यांनीच १९९९ साली लिहिलं, की रानातला कळप म्हणजे बहुधा आईबाप आणि त्यांची पोरं. थोडक्यात, ज्याला आपण हुकूमशाही समजलो ते एकत्र कुटुंब निघालं. शिवाय दाबलेलं पिल्लू आडवं पडायला शिकत नाही. आपला हात आला की निसटायला शिकतं.

‘खाऊन खाऊन ते लठ्ठ होईल’ यावर उपाय सोपा : तुकडे दिवसाच्या जेवणातूनच वजा करावेत. चॉकलेट आणि प्रसादाच्या शिऱ्यातल्या मनुका मात्र कटाक्षाने टाळाव्यात; कुत्र्यांना त्या विषारी ठरू शकतात. आणि चलन फक्त खाण्याचंच असतं असं कुठे आहे? दोरीची खेचाखेच रंगात आली असताना हात थांबवावा, ‘आडवा हो’ म्हणावं, आणि पोट टेकताच खेळ पुन्हा सुरू करावा. आवडीची गोष्ट नावडतीचा मोबदला होऊ शकते, हे डेव्हिड प्रीमॅकने १९५९ साली मांडलं. ‘आधी कारल्याची भाजी, मग श्रीखंड’ म्हणणाऱ्या आज्यांनी ते कुणालाही न विचारता आधीच अमलात आणलं होतं.

उरला शेवटचा, हळवा आक्षेप : पिल्लाने प्रेमापोटी ऐकायला नको का? पण कोपऱ्यावरचा वाणी आपल्याला उधार देतो तो प्रेमापोटी नव्हे. महिनोन्‌महिने आपण रोख मोजल्यामुळे. त्यातून जी पत तयार होते, तिच्यातच पुढे प्रेम मुरतं. एके दिवशी दारात पाहुणे असतात, हात रिकामा असतो, आपण नुसतं ‘आडवा हो’ म्हणतो आणि पिल्लू शेपटी हलवत पोट टेकतं. माणसांच्या दुकानांतल्या पाटीवरचा ‘उद्या’ कधीच उजाडत नाही. इथे तो उजाडतो. मात्र पाहुणे गेल्यावर उधारी आठवणीने फेडावी. दुकानदार लहान असला, तरी त्याची वही चोख असते.