बिनविरोध सेक्रेटरी

मुख्यमंत्रिपदाला चार उमेदवार मिळतात. डोंबिवलीतल्या चाळीस बिऱ्हाडांच्या सोसायटीच्या सेक्रेटरीपदाला एक मिळतानाही मारामार. म्हणून आमचे सेक्रेटरीकाका दर पाच वर्षांनी बिनविरोध निवडून येतात. बिनविरोध म्हणजे लोकप्रिय असं कुणी समजू नये. चाळीसपैकी निदान पंचवीस घरांत त्यांच्या नावानं बोटं मोडली जातात. पण 'मग तुम्ही होता का?' म्हटलं की त्याच पंचवीस घरांत एकदम कुकरची शिट्टी होते.

काकांना दोन खोडी आहेत. पहिली, वाचण्याची. सोसायटीचे उपविधी ही रजिस्ट्रेशनच्या फायलीत ठेवून विसरायची वस्तू आहे, अशी आमची पिढीजात समजूत. काकांनी ते लाल-निळ्या पेन्सिलीनं वाचले. 1960 चा सहकार कायदा वाचला. 2019 मध्ये त्यात गृहनिर्माण संस्थांसाठी 13-ब हे वेगळं प्रकरण आलं, तेव्हा आम्ही नवीन वेबसीरिज बघत होतो आणि काका नवीन प्रकरण. समितीवाल्यांनी प्रशिक्षण घ्यावं असं कायद्यातच आहे. काका प्रत्येक वर्गाला जातात, पहिल्या बाकावर बसतात आणि चहाच्या सुट्टीतही शंका विचारतात. आमचे अध्यक्ष जात नाहीत. 'माझा तीस वर्षांचा अनुभव आहे,' असं ते म्हणतात. तो कशाचा, हे अद्याप बाहेर आलेलं नाही.

दुसरी खोड जास्त त्रासदायक: वाचलेलं आधी स्वतःला लावायचं. काका राहतात तळमजल्यावर. पूर्वी तळमजल्याला लिफ्टचा खर्च माफ होता आणि सगळं सुरळीत चाललं होतं. लिफ्टचा खर्च वापर असो-नसो सगळ्यांनी सारखा भरायचा, हे काकांनी उपविधीत वाचलं आणि वार्षिक सभेत स्वतःच मांडलं. वरचे मजले टाळ्या वाजवत होते, तळमजला काकांकडे घरभेद्यासारखा बघत होता. शेजारचे आजोबा तेव्हापासून दर रविवारी लिफ्टनं सातव्या मजल्यावर जाऊन नुसते परत येतात. पैसे वसूल.

मग पाणीपट्टी. ती घरातल्या नळजोडण्यांची संख्या आणि आकार बघून आकारायची असते. काका वही घेऊन घरोघर निघाले. वहीतली पहिली नोंद स्वतःच्या घरची: 'सात, बाल्कनीतला धरून.' तिसऱ्या मजल्यावर वॉशिंग मशीनच्या मागे, जुन्या टॉवेलखाली झाकलेला एक नळ सापडला.

"काका, तो आम्ही वापरतच नाही हो!"

"वहिनी, नियमात 'नळ' आहे. 'वापरातला नळ' असं कुठं आहे, दाखवा. मी खोडून टाकतो."

नियम दाखवायला नियम वाचावे लागतात. वहिनींनी नळ मान्य केला.

शिकायला काकांना गुरू कोणताही चालतो. पाण्याचा पंप हवा का धरतो, ते प्लंबरशेजारी उकिडवं बसून शिकले. एक्सेल शिकवायला दुसऱ्या मजल्यावरची नववीतली मुलगी येते. "काका, बेरीज कॅल्क्युलेटरवर करून इथं टाइप नाही करायची!" असं ती ओरडते आणि हे सत्तरीतले गृहस्थ "चुकलं, बाई" म्हणून पुन्हा करतात. तिनं दिलेला गृहपाठ ते वेळेवर करतात. मेंटेनन्सही वेळेवर भरतात. एकदा मुलीकडे नागपूरला गेले असताना उशीर झाला, तर थकबाकीदारांच्या यादीत पहिलं नाव त्यांचंच लागलं, दरसाल 21 टक्क्यांनी सरळव्याज धरून. व्याज किती? चहाचा कटिंगही येणार नाही एवढं. पावती मात्र फाडली.

या सगळ्याला आम्ही वर्षानुवर्षं हसत होतो. मग इमारतीला रंग लागला, गच्चीचं वॉटरप्रूफिंग झालं आणि त्या दिवाळीत ठेकेदाराकडून काजूकतलीचा बॉक्स आला. पूर्वीच्या समित्यांत असा बॉक्स समितीतच विरघळायचा. काकांनी तो उघडून मोजला: 38 तुकडे. घरं 40. इतिवृत्तात नोंद झाली: 'ठेकेदाराकडून आलेली काजूकतली 38 सभासदांस प्रत्येकी एक वाटली. अध्यक्ष व सेक्रेटरी यांनी घेतली नाही.' आपण घेतली नाही, हे अध्यक्षांना इतिवृत्त वाचून कळलं. त्यांचा राग अजून गेलेला नाही.

शेवटचं बिल द्यायची वेळ आली तेव्हा काकांनी गच्चीवर पाणी साठवून दोन दिवस ठेवायला लावलं. ही परीक्षा ते एका म्हाताऱ्या गवंड्याकडून शिकले होते. दुसऱ्या दिवशी सातव्या मजल्यावर छताला ओल आली. ठेकेदार अध्यक्षांकडे बघून हसला, मग काकांकडे बघून हसायचा थांबला. काम पुन्हा केलं, जादा पैसे न घेता. पाणी साठवायचं कसं, हे कुणीही शिकला असता; पण ठेकेदाराच्या तोंडावर 'गळतंय' म्हणायला तोंडात त्याची काजूकतली नसावी लागते. आणि नुसतं तोंड स्वच्छ असून भागत नाही, गळतंय हे कळावंही लागतं. पुढारीपणाचं एवढंच भांडवल असतं, आणि ते काकांकडे आहे.

सप्टेंबरअखेरच्या आत पुन्हा वार्षिक सभा. नोटीस चौदा दिवस आधी लागेल, कोरमला वीस माणसं लागतील आणि ठरल्या वेळी सहाच येतील. तहकूब सभेला कोरम लागत नाही, हा उपविधीतला एकच नियम आम्हा सभासदांना पाठ आहे. तुमच्याकडेही असे एखादे काका असतीलच. त्यांच्या नावानं बोटं जरूर मोडा, तो सभासदांचा हक्क आहे. पण मेंटेनन्स वेळेवर भरा, सभेला वेळेवर या आणि जमलं तर उपविधी एकदा वाचा. काकांनाही कधीतरी रिटायर व्हायचंय.