टेपचं दुसरं टोक

आर्किटेक्चर शिकणारं मूल घरात असलं की बाकीच्यांच्या नशिबी टेपचं दुसरं टोक येतं. पुतणी तिसऱ्या वर्षाला आहे. ‘काका, तुम्ही फोर्टात नोकरी केलीत, चला,’ म्हणत तिने मला भर शनिवारी डीएन रोडवर उभं केलं. नोकरीभर मी इथून लोकलसाठी नाकासमोर पळालो. या इमारतींना वरचे मजले आहेत हे त्या दिवशी पाहिलं.

अभ्यास होता बांधकाम-नियमांचा. १८६०च्या दशकात किल्ल्याची तटबंदी पाडली गेली, पुढे हॉर्नबी रोड (म्हणजे आजचा डीएन रोड) रुंद झाला आणि १८९६च्या नियमांनी मालकांना बजावलं : तळमजल्यावर पादचाऱ्यांसाठी कमानींखालून वाट सोडा. त्यामुळे एक इमारत गॉथिक, दुसरी निओक्लासिकल, तरी रांग शिस्तीत. फेटे नाना तऱ्हांचे, धोतर सगळ्यांचं एकच. (आमच्या नव्या टॉवरला खालचे चार मजले गाड्यांसाठी आहेत. पार्किंग एफएसआयमध्ये, म्हणजे परवानगीच्या बांधकाम-क्षेत्रात, धरत नाहीत, असं पुतणीने समजावलं. पायी येणाऱ्याने वॉचमनच्या खुर्चीला वळसा घालायचा.)

भिंत ते खांब मोकळी जागा मोजायची होती. टेप मोबाइल कव्हरांच्या ढिगावरून, लोंबत्या बेल्टांखालून निघाली आणि मध्येच अडकली. टेप दिसताच ‘पालिकेची गाडी आली’ अशी फेरीवाल्यांत कुजबुज झाली, चादरींची चारही टोकं उचलली गेली आणि क्षणभर १८९६ सालची वाट जशीच्या तशी दिसली.

‘घाई करा काका!’ पुतणी ओरडली. पण कॉलेजचा अभ्यास आहे हे कळताच चादरी पुन्हा पसरल्या.

बेल्टवाल्याला दया आली असावी. ‘लिहून घ्या मॅडम. ह्या खांबापासून त्या खांबापर्यंत मी. दुकानाच्या दारासमोर माल नाही, नाहीतर शेठ ओरडतो. दोन माणसं आडवी होऊन जातील एवढी गल्ली ठेवायची. पाऊस आला की गिऱ्हाईक नसलं तरी आत घ्यायचं.’ मुंबईची २०३४ची विकास नियमावली समजायला पुतणीला अख्खं सेमिस्टर लागलं होतं; ही नियमावली कटिंग चहा संपायच्या आत समजली.

तिने ती शीटवर लाल पेनने उतरवली. ज्युरीच्या दिवशी बाहेरून आलेले परीक्षक १८९६वरून झरझर पुढे गेले, एफएसआयच्या तक्त्याकडे त्यांनी पाहिलंही नाही, लाल अक्षरांपाशी मात्र चष्मा लावून थांबले.

‘छान,’ ते म्हणाले. ‘बेल्ट केवढ्याला देतो?’