अप्पांची अढी

आमच्या शेजारच्या अप्पांच्या घरी आंब्यांचा मोसम सरला तरी कॉटखालची अढी हलत नाही. हापूस जाऊन तिथे अव्होकाडो आले आहेत. एकेक फळ वर्तमानपत्रात गुंडाळलेलं, लवकर पिकावं म्हणून शेजारी एक केळं, आणि प्रत्येक पुडीवर बॉलपेनने खरेदीची तारीख. बँकेतून निवृत्त होऊन अकरा वर्षं झाली, पण नोंदी सुटलेल्या नाहीत.

रोज सकाळी अप्पा चष्मा लावून कॉटखाली वाकतात आणि तान्ह्या बाळाची टाळू चाचपावी तसं एकेक फळ देठाशी दाबून बघतात. या फळाचा स्वभाव विचित्र. चार दिवस दगड, पाचव्या दिवशी दोन तास लोणी आणि सहाव्या दिवशी आतून काळं. हे दोन तास कधी येतील याचा नेम नाही. गेल्या आठवड्यात रात्री साडेदहाला दार वाजलं. बघतो तर हातात चमचा घेऊन अप्पा उभे. "अर्धं घ्या. आत्ताच पिकलंय, सकाळपर्यंत थांबायचं नाही." चव विचाराल तर मीठ-लिंबाची. ते दोन्ही आमच्याच घरातलं होतं.

अप्पांसारखं माणूस आता प्रत्येक सोसायटीत एखादं तरी सापडतं. यांना तब्येतीच्या गणितातली फक्त बेरीज येते. वजाबाकी यांनी शाळेतच ऑप्शनला टाकलेली. डॉक्टरांनी कोलेस्टेरॉल सांगितलं तेव्हा जवस आला. मग आवळ्याचा रस, मग भिजवलेले बदाम, मग चिया. गेलं मात्र काहीच नाही. त्यामुळे हल्ली थालीपिठावर लोण्याचा गोळा असतो आणि लोण्यावर अव्होकाडो. रविवारी मिसळीसोबत कांदा, लिंबू आणि अव्होकाडो. तर्रीबद्दल काकू काही बोलल्या की म्हणतात, "अगं, चांगली चरबी वाईट चरबीला बाहेर काढते." जणू पोटात दोघींची भाडेकरूंसारखी भांडणं चालू आहेत.

काकूंचा आक्षेप निराळाच. "अहो, एका फळाच्या पैशात किलोभर शेंगदाणे येतात." बोलणं खरं आहे. अव्होकाडोत ज्या ओलिक आम्लाचं कौतुक होतं, ते शेंगदाण्याच्या तेलातही भरपूर असतं, आणि काकू गेली चाळीस वर्षं कोशिंबिरीत दाण्याचं कूट घालताहेत. पण दाण्याच्या कुटावर व्हिडिओ निघत नाहीत.

मला राहवलं नाही. अमेरिकेत अव्होकाडोची मोठी चाचणी झाली होती, २०२२ साली तिचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. ते मी अप्पांना वाचून दाखवायला गेलो. पोट सुटलेली १००८ माणसं: पुरुषांची कंबर ४० इंचांच्या पुढे, बायकांची ३५ च्या. निम्म्यांनी सहा महिने रोज एक मोठा अव्होकाडो खायचा, निम्म्यांनी नेहमीचं जेवायचं आणि अव्होकाडो जवळजवळ टाळायचा. बाकी जेवणात काही बदला, असं कोणालाच सांगितलेलं नव्हतं. म्हणजे अप्पांचीच पद्धत!

"मग?" अप्पा पुढे सरकले.

"एमआरआय काढून पोटातली चरबी मोजली. काही फरक नाही."

"वजन?"

"तेही जैसे थे. रोज पावणेतीनशेच्या आसपास कॅलरी जादा खाऊन वाढलं नाही, एवढंच." बाकीचं जेवण त्यांनी आपसूक थोडं कमी केलं असणार, असं माझं मत. अव्होकाडोत १०० ग्रॅमला सहा-सात ग्रॅम तंतू असतात, पोट भरतं. अप्पांचं भरत नाही, हा भाग वेगळा.

"कोलेस्टेरॉल?"

"एकूण आकडा तीनेक अंकांनी खाली."

"तीनच?" चेहरा पडला. मग मी म्हणालो, आहाराच्या दर्जाला शंभरापैकी गुण देतात, ते मात्र आठाने वाढले. अप्पा एकदम ताठ बसले.

"आठ! ऐकलंस का गं? आठ टक्के! आज कुठल्या एफडीला मिळतात?"

"पण पोट तेवढंच राहतं, अप्पा."

"म्हणजे मुद्दल सुरक्षित!"

या चाचणीला पैसा अव्होकाडोवाल्यांच्याच मंडळाने पुरवला होता, हेही मी सांगितलं. "हास अव्होकाडो बोर्ड" हे नाव ऐकून त्यांनी हा हास कोण, असं विचारलं. कॅलिफोर्नियातला पोस्टमन, म्हटलं. बागेत लावलेल्या झाडाला आगळं फळ आलं, त्याचं १९३५ साली पेटंट घेतलं. अप्पांनी आदराने मान हलवली. "पोस्टातला माणूस. तरीच."

अप्पांना अव्होकाडो सुरू करून सहा महिने झाले म्हणून परवा काकूंनी शिवणाची टेप काढली. मार्चमध्ये कंबर ४१ इंच होती. आताही ४१ आहे; तारखेसकट वहीत नोंद झाली आहे. कॉटखाली सध्या पाच फळं आहेत आणि त्यातली तीन एकाच दिवशी आणलेली. तेव्हा आज रात्री आमच्या मजल्यावर कोणाचं दार वाजलं, तर मीठ-लिंबू काढून ठेवा.