अपडेटचे धर्मशास्त्र

पूर्वमीमांसेने कर्माचे नित्य, नैमित्तिक, काम्य आणि निषिद्ध असे विभाग केले तेव्हा तिच्यासमोर आर्च लिनक्स नव्हते. तरीही ‘रोलिंग’ पद्धतीची संगणकप्रणाली किती दिवसांनी अद्ययावत करावी, या वादाला त्याहून सोयीची चौकट सापडणे कठीण आहे. डेबियनसारख्या स्थिर प्रणालीची नवी आवृत्ती साधारण दोन वर्षांनी येते; उलट २००२ मध्ये सुरू झालेल्या आर्चला किंवा ओपनसुसेच्या टम्बलवीडला अशी आवृत्तीच नसते, आणि प्रत्येक पॅकेज, म्हणजे प्रणालीचा सुटा घटक, मूळ कर्त्याने नव्याने काढला की थोड्याच दिवसांत वापरणाऱ्याच्या दारात येऊन उभा राहतो.

फाळणीनंतर आलेल्या सिंधी कुटुंबांनी वसवलेल्या नागपूरच्या जरीपटक्यात असा एखादा तरुण गृहीत धरावा, की ज्याने दुकानाचा हिशेब ठेवणाऱ्या संगणकावर वडिलांना न विचारता आर्च बसवले आहे. तो बहुधा नित्यकर्मी असतो. चहाच्या आधी तो पॅकमनला, म्हणजे आर्चच्या पॅकेज-व्यवस्थापकाला, आज्ञा देतो. नित्यकर्माने विशेष फळ मिळत नाही पण ते चुकल्यास दोष लागतो, हे मीमांसकांचे मत त्याला तंतोतंत लागू पडते, कारण आलेली बहुतेक पॅकेजे काय करतात हे त्याला ठाऊक नसते आणि एक दिवस खंड पडला तर मात्र पारोसे राहिल्यासारखे वाटते. कर्नल, म्हणजे प्रणालीचा गाभा, बदलला की जुन्या कर्नलचे पूरक भाग आर्चमध्ये डिस्कवरून काढले जातात, त्यामुळे संगणक पुन्हा सुरू करेपर्यंत गिऱ्हाइकाने आणलेला पेनड्राइव्ह ओळखला न जाण्याची शक्यता असते. वडील अशा वेळी पेनड्राइव्हला नव्हे, मुलाला बोल लावतात, आणि ते शास्त्रशुद्धच आहे.

नित्यकर्म्याचा गर्व मार्च २०२४ मध्ये उतरला. फाइली आवळून लहान करणाऱ्या एक्सझेड या साधनाच्या ५.६.० आणि ५.६.१ या आवृत्त्यांत कोणीतरी चोरदरवाजा बसवला होता, आणि दूरच्या संगणकात शिरताना सुमारे अर्धा सेकंद जास्त का लागतो, या क्षुल्लक वाटणाऱ्या शंकेचा पाठपुरावा करणाऱ्या आंद्रेस फ्रॉइंड या अभियंत्याला तो सापडला. तोवर या आवृत्त्या आर्च आणि टम्बलवीडच्या तत्पर भक्तांच्या घरी पोहोचल्या होत्या (आर्चमध्ये तो दरवाजा ज्ञात मार्गाने उघडत नव्हता, हे त्यांचे दैव), तर डेबियनच्या स्थिर आवृत्तीवरील आळशी मंडळी निर्दोष ठरली. प्रायश्चित्त म्हणून सांगितले गेले तेही पुन्हा अपडेटच.

म्हणून आळस हा धर्म ठरत नाही. दिवाळीची साफसफाई आणि अपडेट एकाच मुहूर्तावर करणाऱ्या नैमित्तिकाला पॅकमन बहुधा दारातच अडवतो, कारण पॅकेजांवरील सह्या पडताळण्याच्या किल्ल्या मधल्या काळात बदललेल्या किंवा मुदत संपलेल्या असतात आणि आधी किल्ल्यांचेच पॅकेज नवे करावे लागते. काम्यकर्मी नव्या डेस्कटॉपच्या मोहाने अपडेट करतो. त्याच्याविषयी अधिक लिहिण्याचे कारण नाही. निषिद्ध कर्म मात्र स्पष्ट आहे: पॅकेजांची यादी ताजी करून प्रणाली जुनीच ठेवणे आणि मधूनच एखादेच पॅकेज बसवणे, म्हणजे अर्धवट अपडेट. याला आर्चमध्ये थारा नाही, कारण नवे पॅकेज ज्या नव्या ग्रंथालयाच्या, म्हणजे सामायिक संहितेच्या, भरवशावर बांधलेले असते ते घरात आलेलेच नसते.

स्थलकालाचा विचार शास्त्रात सोडता येत नाही. दर महिन्याच्या ११ आणि २० तारखा अनेक व्यापाऱ्यांसाठी जीएसटीच्या विवरणपत्रांच्या असतात, आणि मे महिन्यात पारा ४५ अंशांवर गेला व गल्लीतले सगळे कूलर एकदम सुरू झाले की ‘लाईन’ कधी जाईल याचा नेम नसतो. यूपीएस नसलेल्या संगणकात कर्नल लिहिला जात असताना ती गेली, तर प्रणाली उठतच नाही. टम्बलवीड अपडेटच्या आधी आणि नंतर डिस्कची नोंद ठेवते, त्यामुळे संगणक सुरू होताना दिसणाऱ्या यादीतून कालच्या अवस्थेत परतता येते. आर्चवाल्याने ही सोय आणि जोडीला दीर्घकाळ सांभाळला जाणारा एलटीएस कर्नल स्वतः बसवून घ्यावा.

निर्णय असा: आठवड्यातून एकदा, आर्चच्या सूचना वाचून, रविवारी सकाळी, बिघडलेले दुरुस्त करायला उरलेला दिवस मोकळा असताना अपडेट करावे, विवरणपत्र भरायचे राहिले असेल तर तोही रविवार वर्ज्य समजावा.