पीळ

आमच्या पाटोद्याच्या माळावर सरळ वाढलेली बाभूळ दाखवा, मी तुम्हाला स्वखर्चानं सौताड्याचा धबधबा दाखवून आणतो. (उन्हाळ्यात आलात तर नुसता कडा बघावा लागेल.) बालाघाटाचा मुरूम, पावसाची लहर आणि शेळ्यांचे दात यांनी मिळून वाढवलेलं झाड सरळ कुठून येणार? त्याच्या खोडात बसतो तो पीळ.

शब्द मोठा चवीचा. मिशीला पीळ म्हणजे रुबाब, आतड्याला पडला की अख्खं घर रात्रभर जागं. आणि पोरं 'पीळ मारू नका' म्हणाली, की समजावं मी पुन्हा जुन्या गोष्टी काढल्यात.

पिळाचं गणित आज्ज्यानं शिकवलं. पोळ्याआधी तो ओसरीवर अंबाडी घेऊन बसायचा. दोन्ही पदर एका अंगाला पिळायचे आणि मग एकमेकांवर उलट्या अंगानं वळायचे. पदर उकलू बघतात तसा दोर आवळतो; त्यांच्या भांडणावर कासरा टिकतो. मी एकदा शहाणपणा करून सगळं एकाच अंगाला वळलं. हात सोडला अन् दोराची पुन्हा अंबाडी झाली. आज्जा म्हणाला, "लेका, नुसतं व्हय-व्हय करून दोर व्हत नसतो."

सुताराला मात्र पिळाचं वावडं. बाक त्याला चालतो. लाकडी नांगरासाठी तर तो बांधाबांधानं मुळातच वाकलेली बाभूळ हुडकायचा, कारण सरळ लाकूड तासून बाक काढला की रेषा तुटते आणि दगडाला लागून नांगर मोडतो. पीळ मात्र रंध्याला दाद देत नाही, आणि फळी वाळता वाळता मुरडते.

दिवाळीच्या सुमाराला ऊसतोडीला जाऊन उन्हाळ्याच्या तोंडाशी परतणाऱ्या आमच्याकडच्या माणसांच्या हातांना काय म्हणावं? 'पिळदार' म्हटलं की तालीम आठवते. आई 'निबर' म्हणते. हाच शब्द ती भेंडीला वापरते तेव्हा भेंडी म्हशीपुढं जाते. हातांना वापरते तेव्हा आधी चहा ठेवते.

आज्ज्यानं घराचं दार केलं तेही हट्टानं बांधावरच्या पिळाच्या बाभळीचं. सुतारानं दोनदा बजावलं होतं. आता आज्जाही नाही, सुतारही नाही. पावसाळ्यात दार अजून खांद्यानं उचलूनच लावावं लागतं.