फुटपाथ आखा, पण जपून

अभिनंदन! शहरातले पदपथ आणि सायकल मार्ग यांचं नियोजन तुमच्या टेबलावर आलं आहे. घाबरू नका. या कामासाठी चालता यावं लागत नाही, सायकल तर नाहीच नाही. पाहणी दौरा गाडीतून होतो. शिकायला पुण्यासारखं दुसरं गाव नाही. एके काळी ते सायकलींचं शहर म्हणून ओळखलं जायचं, त्यामुळे तिथे प्रयोगाला वाव भरपूर. खालच्या पायऱ्या क्रमाने चढा. त्या सगळ्या एकाच उंचीच्या असतील अशी अपेक्षा मात्र ठेवू नका.

१. सुरुवात धोरणाने करा. २००६ च्या राष्ट्रीय नागरी वाहतूक धोरणात लिहिलंच आहे की प्राधान्य वाहनांना नव्हे, माणसांना द्यायचं. हे वाक्य सादरीकरणाच्या पहिल्या स्लाइडवर घाला आणि पुढच्या स्लाइडवर उड्डाणपूल घ्या. मग सल्लागार नेमून जाडजूड आराखडा करून घ्या. पुण्याच्या सायकल आराखड्याला २०१७ मध्ये महापालिकेच्या मुख्य सभेची मंजुरी मिळाली, आणि त्यातलं जाळं ८०० किलोमीटरहून लांब होतं. लांबीत कंजुषी करू नका. कागदावर खोदाई लागत नाही.

२. आता रुंदी. ‘आयआरसी १०३’ हे इंडियन रोड्स काँग्रेसचं पुस्तक सांगतं की चालायला किमान १.८ मीटर मोकळी रुंदी हवी आणि डोक्यावर २.२ मीटर मोकळी उंची. नकाशावर ही मापं काटेकोर पाळा, म्हणजे मोकळ्या जागेत काय काय बसतं ते नीट ठरवता येईल. पहिला मान विजेच्या डीपीचा. तिचं दार रस्त्याकडे नाही, फुटपाथकडे उघडलं पाहिजे. त्यानंतर केबलवाल्यांचा खांब, जुना खांब न काढता शेजारी उभा केलेला नवा खांब, बसथांब्याची पाठ, आणि कंबरेएवढ्या कठड्यात कोंडलेलं झाड. मधोमध एक बाक ठेवा. त्यावर बसणारा समोरच्या भिंतीकडे तोंड करून बसेल, पण बाकाच्या पाठीवर ‘माननीयांच्या संकल्पनेतून’ ही अक्षरं रस्त्यावरून ठळक दिसली पाहिजेत. बाक त्यासाठीच असतो. उरलेल्या २.२ मीटर उंचीत वाढदिवसाचा फ्लेक्स बांधा, खालची दोरी बरोबर गळ्याशी येईल अशी.

इतकं करूनही एखादा माणूस आरपार चालत गेलाच, तर खचू नका. चेंबरचं झाकण दोन इंच वर ठेवा.

३. पुस्तक म्हणतं, फुटपाथ १५० मिलिमीटरहून उंच नसावा. प्रत्येक सोसायटीच्या गेटापाशी तो उतरवा आणि गेट संपताच पुन्हा चढवा. शंभर पावलांत सहा गेटं आली, तर आजोबांचा सिंहगड घरापाशीच होतो. गुडघेदुखीवाल्यांबद्दल आम्हालाही वाईट वाटतं. त्यांनी रिक्षा करावी. अपंगांसाठी रॅम्प आवर्जून करा, त्याचा फोटो छान येतो. दुचाक्या त्यावरून चढू लागल्या की तोंडाशी बोलार्ड रोवा. अंतर असं धरा की व्हीलचेअर अडेल आणि स्कूटर हँडल वाकडं करून निघून जाईल. हे माप कुठल्याच पुस्तकात नाही, अनुभवानेच येतं.

४. सायकल ट्रॅक. डांबर गुळगुळीत असतं, ते मोटारींसाठी राखून ठेवा; सायकलला पेव्हर ब्लॉक. २००६ नंतर पुण्यात बीआरटीच्या, म्हणजे बससाठी राखलेल्या मार्गांच्या, कडेने असे ट्रॅक झाले. सातारा रस्त्याला जाऊन अभ्यास करा, मात्र चालत जा. सायकलने गेलात तर लवकर पोहोचणार नाही. मुख्य नियम एवढाच: धोका जिथे सुरू होतो, म्हणजे चौकात, तिथे ट्रॅक संपवा. पलीकडे तो पुन्हा उगवेल; मधलं सायकलस्वाराने आपलं आपण बघावं.

भाड्याच्या सायकलीही आणा. २०१७ च्या डिसेंबरात पुण्यात त्या थाटात आल्या आणि दोनेक वर्षांत बहुतेक दिसेनाशा झाल्या. रस्ता आधी की सायकल आधी, या वादात पडू नका. उद्घाटन आधी.

५. रस्ता ओलांडणारा गाड्यांच्या आड येतो, म्हणून त्याला उचला. मुंबईत वांद्र्याला २००८ मध्ये स्कायवॉक झाला, मग त्यांची रांगच लागली. गाडीला इंजिन असतं, तरी तिला सपाट रस्ता हवा. माणसाला दोन पाय असतात, तेव्हा जिने त्याने चढावेत. यात तर्क शोधू नका.

६. निधी. अंदाजपत्रकात सायकलींसाठी भरघोस तरतूद दाखवा, बातमी येऊ द्या, आणि वर्षअखेरीस ‘वर्गीकरण’ करून ती डांबराकडे वळवा. चुकून काही उरलंच, तर मार्चमध्ये धडधाकट पेव्हर ब्लॉक उखडून तसेच नवे बसवा.

७. पादचाऱ्यांचा सन्मान विसरू नका. पुण्यात २०२१ पासून ११ डिसेंबरला पादचारी दिन होतो आणि लक्ष्मी रस्त्याचा काही भाग वाहनांना बंद असतो. लोक रस्त्याच्या मधून चालतात आणि फारच खूश होतात. म्हणून एकच दिवस. सवय लागली तर फुटपाथ मागतील.

८. शेवटी मूल्यमापन. भर दुपारी ट्रॅकवर माणूस पाठवून सायकली मोजायला लावा. उभ्या चारचाक्यांमधून एकही सायकल येणार नाही. लगेच टिपणी लिहा: ‘प्रतिसाद नगण्य, सबब ट्रॅक काढून रस्ता रुंद करणे प्रस्तावित.’ काढण्याचं टेंडर मात्र वेगळं करा, बांधण्याच्या टेंडरात धरू नका.